टोकियोची वेस कुठे आहे?

परदेशी विमानतळावर उतरलेल्या माणसाला पहिला प्रश्न पडतो तो शहर कुठे आहे हा. तिकिटावर शहराचे नाव असते, विमानात त्या शहराचे हवामानही सांगितलेले असते. पण बाहेर येऊन गाडीत बसावे तर खिडकीबाहेर भाताची खाचरे, बांबूची बने आणि कौलारू छपरांची गावे सरकू लागतात. नारिताला उतरून आम्ही टोकियोकडे निघालो तेव्हा आमचे असेच झाले. स्वस्त म्हणून आम्ही केइसेई कंपनीची साधी, सगळ्या स्थानकांवर थांबत जाणारी गाडी धरली होती. तासभर झाला तरी टोकियो येईना. आमच्यातल्या एकाने वैतागून विचारले, "विमानतळ इतक्या लांब बांधायचे कारण काय?" प्रश्न उत्तरासाठी विचारलेला नव्हता. पण त्याला उत्तर आहे, आणि ते शोधताना आमच्या लक्षात आले की त्या दिवशी आम्हाला जी गैरसोय वाटली, ती त्या देशाच्या इतिहासाशी झालेली आमची पहिली भेट होती.

मराठी प्रवासवर्णनांत हा टप्पा सहसा दोन ओळींत उरकला जातो. विमान उतरले, सामान मिळाले, न्यायला आलेले स्नेही भेटले आणि पुढच्या परिच्छेदात शहर सुरू. वर्णन करण्याजोगे जे काही असेल ते शहरात असणार, अधली वाट म्हणजे नुसता जाण्याचा वेळ, असा एक समज त्यामागे असावा. टोकियोच्या बाबतीत हा समज साफ चुकतो. या शहरात बाहेरून येण्याची वाट गेल्या दीडशे वर्षांत तीनदा नव्याने आखली गेली आणि तिन्ही वेळा तिचा आकार ठरवला तो जमिनीने. कुठली जमीन कोणी दिली नाही आणि कुठली कोणाकडून काढून घेतली, यावर.

पहिली वाट बंदरातून येणारी. जपानचे दरवाजे परकीयांना उघडले गेले ते योकोहामाला, राजधानीपासून हाताच्या अंतरावर. परका माणूस जवळ असावा पण दारात नको, हा त्यातला हिशेब. पुढे राजधानीचे नाव टोकियो झाले आणि १८७२ साली जपानची पहिली रेल्वे धावली ती योकोहामा ते शिम्बाशी, म्हणजे बंदरापासून शहरापर्यंत. आगबोटीतून उतरलेल्या पाहुण्याला शहरात आणणारी ती गाडी. पण टोकियोच्या तोंडाशी लष्करी खात्याने आपल्या ताब्यातली जमीन रेल्वेला द्यायला नकार दिला. मग ताकानावा भागात सुमारे २.७ किलोमीटरपर्यंत समुद्रातच दगडी बांध घालून त्यावर रूळ टाकण्यात आले. त्या काळच्या रंगीत ठशांच्या चित्रांत पाण्यावरून चाललेली ही आगगाडी दिसते. पाहणाऱ्याला ती नवलाई वाटते, पण त्या नवलाईच्या मुळाशी दोन सरकारी खात्यांचे भांडण आहे. पुढे समुद्र बुजला, बांध मातीखाली गेला आणि विसरला गेला. २०१९ मध्ये तिथे नव्या इमारतींसाठी खोदकाम सुरू असताना त्याचे दगड पुन्हा वर आले.

दुसरी वाट हानेदाची. टोकियोच्या दक्षिणेला, खाडीच्या काठावर १९३१ साली हा विमानतळ सुरू झाला. शेजारी कोळ्यांची वस्ती होती, आनामोरी इनारीचे जुने देवस्थान होते, यात्रेकरूंसाठी दुकाने आणि खाणावळी होत्या. १९४५ च्या सप्टेंबरात, युद्ध हरून महिना-सव्वा महिना झाला असेल, अमेरिकी सैन्याने हा तळ वाढवायला घेतला आणि आजूबाजूच्या तीन वस्त्यांना हुकूम सुटला : अठ्ठेचाळीस तासांत घरे सोडा. सुमारे ३००० माणसे जे हाती लागेल ते घेऊन निघाली. घरे पाडली, देऊळ पाडले. राहिली ती देवस्थानापुढची मोठी लाल कमान. ती पाडायला गेले की अपघात होतात, अशी आख्यायिका पसरली. आख्यायिकेत तथ्य किती ते सोडून द्या. खरे एवढेच की ती कमान पुढे टर्मिनलच्या इमारतीसमोर, वाहनतळाच्या मधोमध, १९९९ पर्यंत उभी होती. जगभरचे प्रवासी तिच्या बाजूने टॅक्सीत बसून शहरात गेले. त्यांतल्या बहुतेकांना ती जपानी स्वागताची शोभा वाटली असणार. खरे तर ती एका नाहीशा केलेल्या गावाची वेस होती.

'पूर्वरंग'मध्ये पु. ल. देशपांड्यांनी पाहिलेला जपान हा या हानेदाच्या काळातला. १९६४ च्या ऑक्टोबरात टोकियोत ऑलिंपिक भरायचे होते आणि विमानतळापासून शहरापर्यंतचा रस्ता वाहनांनी तुंबलेला होता. त्यावर उपाय म्हणून एका तुळईवरून धावणारी मोनोरेल बांधली गेली. १७ सप्टेंबर १९६४ रोजी, स्पर्धेच्या जेमतेम तीन आठवडे आधी, ती सुरू झाली : हामामात्सुचो ते हानेदा, १३ किलोमीटर. शहरात जमीन घ्यायला वेळ आणि पैसा दोन्ही नव्हते, म्हणून तिचे खांब बव्हंशी कालव्यांत आणि खाडीच्या उथळ पाण्यात रोवले गेले. म्हणजे ९२ वर्षांनंतर पुन्हा तोच मार्ग : जमीन मिळत नाही, पाण्यावरून जाऊ.

पण पाणी मोकळे नव्हते. ओमोरीच्या किनाऱ्यावर नोरी नावाचे खाद्य शेवाळ पिकवणारे कोळी पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. पाण्यात काठ्या रोवायच्या, त्यांवर शेवाळ धरू द्यायचे, हिवाळ्यात ते खुडून कागदासारखे पातळ पसरून वाळवायचे, असा तो धंदा. भराव आणि बंदराच्या योजनांसाठी १९६२ मध्ये या कोळ्यांनी नुकसानभरपाई घेऊन मासेमारीचे हक्क सोडले आणि पुढच्या वसंतात शेवटचे पीक निघाले. त्यानंतर दीड वर्षाने मोनोरेल धावली. आजही त्या गाडीत बसले की पाण्यावरून तरंगत शहरात शिरल्याचा सुरेख भास होतो. ते पाणी कोणाचे शेत होते, हे तिथे कुठे लिहिलेले आमच्या पाहण्यात आले नाही.

तिसरी वाट नारिताची. तिच्यापाशी अधिक थांबणे भाग आहे.

साठीच्या दशकात हानेदा अपुरा पडू लागला. खाडीत आणखी भराव घालण्याऐवजी सरकारने चिबा प्रांतात जागा शोधली. आधी तोमिसातो हे गाव ठरले. तिथे इतका विरोध झाला की बेत सोडावा लागला. मग ४ जुलै १९६६ रोजी मंत्रिमंडळाने सानरिझुका या ठिकाणावर शिक्का मारला. तिथल्या शेतकऱ्यांना आधी कोणी विचारले नव्हते. आपली जमीन जाणार हे त्यांना बातम्यांतून कळले. सानरिझुका निवडण्यामागचा सरकारचा हिशेब सरळ होता. तिथे राजघराण्याच्या मालकीचे घोड्यांचे मोठे कुरण होते, ती जमीन एका सहीने मिळणार होती. उरलेल्या जमिनीचा बराच भाग युद्धानंतर वसवलेल्या लोकांकडे होता. मांचुरियातून परतलेली, घरदार नसलेली ही माणसे. त्यांना १९४६ पासून इथे पडीक जमिनी लागवडीसाठी दिल्या होत्या. त्यांनी वीस वर्षे राबून, बांबूची मुळे खणून काढून, त्या जमिनीची शेते केली होती. त्यांची मुळे तिथे खोल गेलेली नसतील, ती चार पैशांत उठतील, असे टोकियोतल्या अधिकाऱ्यांना वाटले. ज्या माणसाला देशाने एकदा उठवून परत आणले, त्याला दुसऱ्यांदा उठवणे सोपे जाईल की अवघड, हा प्रश्न कोणाच्या मनात आला नसावा.

साहित्याच्या वाचकांसाठी एक नोंद इथेच करून ठेवतो. कवी ताकामुरा कोतारो यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सानरिझुकाच्या वसंतातल्या घोड्यांवर कविता लिहिली होती. ते कुरण १९६९ मध्ये दुसऱ्या प्रांतात हलवण्यात आले. त्याचा थोडासा भाग स्मृती-उद्यान म्हणून राखला आहे, आणि घोडे गेलेल्या त्या जागी कवितेचा शिलालेख आहे.

विरोधाचे नेतृत्व तोमुरा इस्साकु यांच्याकडे आले. शेतीची अवजारे विकणारा, ख्रिस्ती धर्म मानणारा, फावल्या वेळात लोखंडाची शिल्पे घडवणारा हा माणूस. शेतकऱ्यांची संघटना घराघरांतून उभी राहिली. म्हाताऱ्यांचे पथक वेगळे, बायकांचे वेगळे, शाळकरी मुलांचेसुद्धा वेगळे. शहरांतून डाव्या विद्यार्थी-संघटना येऊन मिळाल्या. १९७१ मध्ये सक्तीचे भूसंपादन सुरू झाले तेव्हा माणसांनी स्वतःला झाडांना साखळदंडांनी बांधून घेतले, जमिनीत भुयारे खणून आत जाऊन बसली. त्याच वर्षी १६ सप्टेंबरला झालेल्या चकमकीत तीन पोलिस ठार झाले. दोन आठवड्यांनी गावातल्या एका तरुण कार्यकर्त्याने आत्महत्या केली. १९७२ मध्ये धावपट्टीच्या दक्षिण टोकासमोर आंदोलकांनी सुमारे ६० मीटर उंचीचा लोखंडी मनोरा उभारला. तो उभा असेपर्यंत विमान उडवणे शक्य नव्हते. तो १९७७ च्या मे महिन्यात एके पहाटे पाडला गेला आणि त्यानंतरच्या संघर्षात आंदोलकांचा एक साथीदार प्राणाला मुकला.

हे सगळे आज पाहायचे असेल तर ओगावा शिन्सुके यांचे माहितीपट आहेत. आपल्या सहकाऱ्यांसह ते सानरिझुकात येऊन राहिले आणि १९६८ ते १९७७ या काळात त्यांनी सात चित्रपट केले. पहिल्या चित्रपटांत हाणामारी आहे, चिखल आहे, ढालींच्या रांगा आहेत. १९७३ च्या 'हेता गाव'पर्यंत येताना कॅमेरा शांत होतो आणि म्हाताऱ्यांच्या बोलण्याकडे, गावाच्या रीतीभातींकडे वळतो. लढाईचे चित्रण करायला गेलेला माणूस शेवटी वेळ आणि जमीन यांविषयी बोलू लागतो, हे आम्हाला या मालिकेतले सर्वांत महत्त्वाचे वळण वाटते.

आता प्रवाशाकडे येऊ. सरकारने मूळ आराखड्यात त्याची चांगली सोय केली होती. टोकियो स्थानकापासून विमानतळाच्या पोटात जाणारी स्वतंत्र शिन्कान्सेन, सुमारे ६५ किलोमीटर, अर्ध्या तासात. टर्मिनलखाली तिच्यासाठी स्थानकाची पोकळीही बांधून ठेवली. १९७४ मध्ये काम सुरू झाले. पण वाटेवरच्या एदोगावासारख्या भागांतल्या रहिवाशांनी विचारले की गाडी आमच्या डोक्यावरून जाणार, आवाज आमच्या घरात येणार, आणि थांबणार मात्र कुठेच नाही. मग आमचा लाभ काय? हे सानरिझुकाचे शेतकरी नव्हेत, शहरातले साधे घरवाले लोक. पण प्रश्न त्याच जातीचा. काम १९८३ मध्ये थांबले आणि १९८७ मध्ये योजनाच रद्द झाली. नारिता गावाजवळ काही खांब नुसतेच आभाळाकडे पाहत उभे राहिले.

दुसरी सोय केइसेई या खासगी कंपनीची. तिने आपला मार्ग १९७२ मध्येच विमानतळापर्यंत आणून ठेवला, 'स्कायलायनर' नावाच्या नव्या गाड्या घेतल्या, आणि मग सहा वर्षे वाट पाहिली, कारण विमानतळच उघडेना. टर्मिनलखालची जागा शिन्कान्सेनसाठी राखीव असल्याने केइसेईला स्थानक मिळाले ते टर्मिनलपासून दूर. २६ मार्च १९७८ रोजी, उद्‌घाटनाला चार दिवस उरले असताना, आंदोलकांची एक तुकडी गटारातून आत शिरून नियंत्रण मनोऱ्यावर चढली आणि तिने तिथली यंत्रे फोडली. उद्‌घाटन लांबले. ५ मे रोजी आगारात उभी असलेली एक स्कायलायनर जाळण्यात आली. अखेर २० मे १९७८ रोजी हजारो पोलिसांच्या पहाऱ्यात 'नवे टोकियो आंतरराष्ट्रीय विमानतळ' सुरू झाले. नाव टोकियोचे, जमीन चिबाची, आणि तीन नियोजित धावपट्ट्यांपैकी तयार फक्त एक.

त्या दिवसापासून १९९१ पर्यंत, म्हणजे जवळजवळ तेरा वर्षे, जगातल्या एका श्रीमंत देशाच्या राजधानीत येणारा प्रवासी असा जाई : टर्मिनलमधून बाहेर, सामान घेऊन बसमध्ये, बसमधून केइसेईच्या स्थानकात, तिथून गाडीने उएनोला. नाहीतर थेट मोठी बस धरून शहरातल्या हाकोझाकीच्या टर्मिनलवर, आणि वाटेत जी काही वाहतूक तुंबली असेल तिच्या हवाली. आणि त्याच्या पायाखाली, टर्मिनलच्या तळघरात, एक अख्खे रेल्वे स्थानक रिकामे पडलेले.

ते स्थानक उघडले कसे, हेही मजेदार आहे. १९८७ च्या अखेरीस इशिहारा शिंतारो वाहतूक मंत्री झाले. १९५६ मध्ये तरुण वयात आकुतागावा पारितोषिक मिळवून गाजलेले हेच ते कादंबरीकार. त्यांनी ती रिकामी पोकळी पाहिली आणि ती साध्या रेल्वेगाड्यांसाठी वापरा, असा आदेश दिला. १९ मार्च १९९१ रोजी जेआर आणि केइसेई या दोन्ही कंपन्यांच्या गाड्या टर्मिनलखाली येऊ लागल्या. इशिहारांच्या राजकारणाविषयी आमचे मत फारसे बरे नाही. पण नियोजन खात्यांना इतकी वर्षे न दिसलेली जागा एका लेखकाला दिसली, याची गंमत वाटते. २०१० मध्ये केइसेईने नवा मार्ग सुरू केला, त्याचा काही भाग त्या रद्द झालेल्या शिन्कान्सेनच्या जागेवरून जातो. त्या गाडीने निप्पोरी ३६ मिनिटांवर आले. टोकियो स्थानकात शिन्कान्सेनसाठी योजलेली जागा केइयो मार्गाला मिळाली. तिथे गाडी बदलायला मैलभर चालल्यासारखे चालावे लागते आणि प्रत्येक जण कुरकुरतो. नारिताच्या भांडणाचा एक धागा असा थेट शहराच्या पोटात शिरलेला आहे.

दुसरी खूण माणसांच्या तपासणीची. विमानतळात शिरणाऱ्या प्रत्येकाला, मग तो नुसता कोणाला पोचवायला का आलेला असेना, स्थानकाच्या दारातच ओळखपत्र दाखवावे लागे. ही पद्धत २०१५ च्या मार्चपर्यंत चालू होती. घरी परतणाऱ्या प्रवाशाला ती जपानी शिस्त वाटे. ती जपानी भीती होती.

या लढ्याचे भाबडे चित्र रंगवावे, असे आम्हाला वाटत नाही. १९८३ मध्ये शेतकऱ्यांची संघटना फुटली. बाहेरून आलेल्या काही गटांनी तडजोडीला तयार झालेल्यांना धमकावले. १९८८ मध्ये चिबाच्या भूसंपादन आयोगाच्या अध्यक्षांवर रस्त्यात इतका निर्घृण हल्ला झाला की सगळ्या सदस्यांनी राजीनामे दिले आणि आयोग अनेक वर्षे बंद पडला. शेतकऱ्याची जमीन वाचवायला निघालेल्यांपैकी काहींना शेतकरी आणि जमीन दोन्ही दिसेनासे झाले होते. पण त्याचबरोबर हेही खरे, की १९९१ पासून दोन्ही बाजू एका सभागृहात समोरासमोर बसल्या, सक्ती पुन्हा वापरणार नाही असे सरकारने मान्य केले आणि १९९५ मध्ये पंतप्रधान मुरायामा तोमिइची यांनी शेतकऱ्यांची माफी मागितली. दुसरी धावपट्टी २००२ मध्ये झाली, तीही ठरल्यापेक्षा आखूड, २१८० मीटरची, कारण टोकाला शेतजमीन होती आणि मालक हलला नव्हता. विमानांना धावपट्टीकडे नेणारा एक मार्ग बरीच वर्षे एका शेताला वळसा घालून जाई. २००४ मध्ये विमानतळाच्या नावातून 'टोकियो' गेले आणि 'नारिता' आले.

हे वाचताना आम्हाला उलव्याची टेकडी आठवत राहिली. नवी मुंबईच्या विमानतळासाठी ती कापली, नदी वळवली, दहा गावे हलवली; २०२५ च्या डिसेंबरात तिथून विमाने उडू लागली. तिथे उतरणारा पाहुणाही विचारील की मुंबई किती लांब? त्याला टॅक्सीवाला किलोमीटर सांगेल.

परतीच्या दिवशी आमच्याकडे चार तास मोकळे होते. दुसऱ्या टर्मिनलच्या स्थानकातून एक लांबच लांब, जाहिरातींविना उघडे बोडके भुयार निघते. पाचशे मीटर चालले की केइसेईचे ते जुने स्थानक लागते. आता त्याचे नाव हिगाशी-नारिता. एके काळी जगभरच्या माणसांनी गजबजलेल्या त्या स्थानकात त्या दुपारी आम्ही आणि एक रेल्वे कर्मचारी, एवढेच होतो. स्कायलायनरचा फलाट बंद करून अंधारात ठेवला आहे, पलीकडून त्याच्यावरची जुनी पाटी दिसते. तिथून पुढे शिबायामा रेल्वे जाते : २.२ किलोमीटर, एकच स्थानक. विमानतळामुळे ज्यांच्या वाटा तुटल्या त्या पलीकडच्या गावांसाठी भरपाई म्हणून ती २००२ मध्ये सुरू झाली. गाडीत एक सुरक्षारक्षक उभा होता. शेवटच्या स्थानकाबाहेर आलो तर समोर कुंपण, कुंपणापलीकडे विमानांची शेपटे. त्या गावाच्या हद्दीत २०११ पासून एक छोटे संग्रहालय आहे; आंदोलकांची हेल्मेटे आणि पत्रके तिथे विमानतळाच्याच खर्चाने जपून ठेवली आहेत.

एक आजीबाई भाजीची पिशवी घेऊन आमच्याबरोबर उतरल्या होत्या. आम्ही नकाशा उलटसुलट करताना पाहून त्यांनी हाताने खूण केली : विमानतळ तिकडे, मागे. आम्ही मान डोलावली आणि उलट्या दिशेने, संग्रहालयाच्या रस्त्याला लागलो.